दंडाचा फटका : भित्रेपणा की शहाणपण?

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कुस्ती, हॉकी, कबड्डी आणि क्रिकेट यांवर पोसलेल्या आपल्या बेळगाव भागात गोल्फवर लेख लिहिणे म्हणजे आखाड्यात बुद्धिबळाचा पट मांडण्यासारखे आहे, असे एका वर्गमित्राने मला ऐकवलेही. तरीही मी लिहायला बसलो आहे, त्याला कारण आहे. ७ ऑगस्ट २०२१ हा दिवस नीरज चोप्राच्या भाल्यामुळे सर्वांच्या लक्षात राहिला. त्याच दिवशी बेंगळूरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फमध्ये चौथी आली. चार दिवस, बहात्तर होल, आणि पदकासाठी झालेल्या जादा होलच्या लढतीपासून ती दूर राहिली ती केवळ एका फटक्याने! ज्या खेळात एका फटक्याला एवढी किंमत आहे, त्या खेळात आपण होऊन एक फटका दंड म्हणून देऊन टाकावा का, आणि द्यावा तर केव्हा, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

या खेळाशी माझा संबंध आला तो माझ्या मामांमुळे. मामा बेंगळूरूला एका मैदानावर बरीच वर्षे कॅडी होते. खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणे, अंतर सांगणे, ग्रीनचा उतार दाखवणे, हे त्यांचे काम. आठवड्यातून एक दिवस कॅडींना खेळायची मुभा असे, आणि सुटीत गेलो की त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही वाळूत पुष्कळ घाम गाळला आहे. तेव्हा मी काही मोठा खेळाडू नव्हे. पण वाळूच्या खड्ड्यात माणसाचे काय होते, हे जवळून पाहिलेला साक्षीदार खचित आहे.

वाळूच्या या खड्ड्याला बंकर म्हणतात. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील जुन्या मैदानावर असे ११२ बंकर आहेत. टायगर वुड्सने २००० साली तेथे ओपन स्पर्धा आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली, तेव्हा चारही दिवसांत त्याचा चेंडू एकदाही बंकरमध्ये गेला नाही, ही गोष्ट गोल्फप्रेमी आजही कौतुकाने सांगतात. बंकर टाळणे हाच उत्तम उपाय, हे यावरून सिद्ध होते. पण तो उपाय आपल्यासारख्यांच्या हाती नाही. आपला चेंडू वाळूत जाणारच. प्रश्न पुढचा आहे.

नियम काय सांगतो ते आधी पाहू. चेंडू ‘न खेळण्याजोगा’ आहे असे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी खेळाडूचा आहे. पंचाला पटवावे लागत नाही, प्रतिस्पर्ध्याची संमती लागत नाही, चेंडू खरोखरच अडकलेला असला पाहिजे अशीही अट नाही. बंकरमध्ये असताना असे ठरवले, तर चार दारे उघडतात. पहिले दार : मागचा फटका जेथून मारला होता तेथे परत जाऊन खेळणे, दंड एक फटका. दुसरे दार : होल आणि चेंडू यांना जोडणारी रेषा मनात धरून त्या रेषेवर मागे सरकणे, परंतु बंकरच्या आतच, दंड एक फटका. तिसरे दार : चेंडूपासून दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या अधिक जवळ न जाता, पुन्हा बंकरच्या आतच चेंडू टाकणे, दंड एक फटका. चौथे दार २०१९ पासून उघडले : त्याच रेषेवर मागे जात जात बंकरच्या बाहेर पडणे, त्यासाठी मात्र दंड दोन फटके. चेंडू टाकायचा म्हणजे गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. यालाच ड्रॉप म्हणतात.

चार दारे आहेत म्हटल्यावर माणूस निश्चिंत होतो. ‘आधी एक फटका मारून पाहू, नाही जमले तर ड्रॉप आहेच,’ असा विचार बहुतेक खेळाडू करतात. माझा सगळा वाद याच विचाराशी आहे. कारण या चार दारांपैकी पहिले दार, जे अनेकदा सर्वांत स्वस्त असते, ते वाळूतला पहिला फटका मारताक्षणीच बंद होते.

कसे ते पाहा. पहिले दार ‘मागचा फटका जेथून मारला’ तेथे उघडते. चेंडू ग्रीनच्या काठावरून किंवा खुद्द ग्रीनवरून बंकरमध्ये गेला असेल, तर तोवर ते दार आपल्याला त्या सुखाच्या हिरवळीवर परत नेते. परंतु आपण वाळूत काठी फिरवली, चेंडू भिंतीला आपटून परत खाली आला, की ‘मागचा फटका’ हा वाळूतला फटका ठरतो. आता तेच दार आपल्याला त्याच खड्ड्यात, आधीच्या जागी आणून सोडते. हिरवळीकडे जाणारी वाट एका फटक्यात नाहीशी झाली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७८ च्या ओपन स्पर्धेत सेंट अँड्र्यूजलाच घडले. जपानचा टॉमी नाकाजिमा सतराव्या होलवर दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. तिसरा फटका त्याने पुटरने मारला. तो उतारावरून वाहवत जाऊन रोड बंकर नावाच्या खोल खड्ड्यात पडला. तेथून बाहेर यायला त्याला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याची बेरीज नऊ झाली. आता हिशोब करू. वाळूत उतरण्यापूर्वीच त्याने एक फटका दंड देऊन ग्रीनवरच्या जुन्या जागी चेंडू परत ठेवला असता, तर दंड धरून चार झाले असते. आणि तेथून नेहमीप्रमाणे दोन पुट, म्हणजे एकूण सहा. सहा आणि नऊ! अर्थात नाकाजिमाला मी दोष देत नाही. तो कसलेला व्यावसायिक होता, एका फटक्यात बाहेर येण्याचा भरवसा त्याला असणे स्वाभाविक होते. आणि घटना घडून गेल्यावर घरबसल्या बेरीज करणे फार सोपे असते. पण पहिला फटका फसल्यावर त्याच्यासमोर स्वस्त असे काही उरलेच नव्हते, हे आपण ध्यानात घ्यावे. त्या काळी चौथे दारही नव्हते. २००० साली त्याच होलवर त्याच बंकरमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड डुवालला चार फटके लागले आणि त्याच्या नावावर आठ लागले. त्या खड्ड्याला माणसांच्या कीर्तीचे काही सोयरसुतक नाही.

मग प्रत्येक वेळी दंड भरून मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. येथे थोडे अंकगणित करावे लागते, आणि ते सहावीच्या पुस्तकाच्या पलीकडचे नाही. एका विशिष्ट स्थितीत माझा चेंडू दोनदा प्रयत्न केला तर एकदा बाहेर येतो असे धरा. म्हणजे बाहेर यायला मला सरासरी दोन फटके लागतात. तीनदा प्रयत्न करून एकदा येत असेल, तर सरासरी तीन. चारदा करून एकदा, तर चार. आता दाराची किंमत मोजा. ग्रीनच्या काठावरून आलेला चेंडू परत तेथेच नेला, तर एक फटका दंड आणि एक फटका पुन्हा ग्रीनवर येण्याचा, असे दोन. म्हणजे वाळूतून बाहेर येण्याची माझी खात्री निम्म्याहून कमी असेल, तर दंड स्वस्त. निम्म्याहून अधिक असेल, तर खेळणे स्वस्त. तेच, मागचा फटका दीडशे यार्डांवरून मारलेला असेल, तर परत जाऊनही ग्रीन गाठेलच याची शाश्वती नाही. तेथे पहिले दार महाग पडते.

बंकरच्या आतल्या दोन दारांचे गणित वेगळे. तेथे दंड भरूनही आपण वाळूतच असतो. बदलते ती फक्त चेंडूची बैठक. चेंडू भिंतीच्या तळाशी चिकटला आहे, काठी मागे घ्यायला जागा नाही, चारात एकदाही सुटेल की नाही ही शंका. आणि दोन काठ्या अलीकडे सपाट वाळू आहे, जेथून तीनात दोनदा मी बाहेर येतो. तेव्हा एक दंड आणि सरासरी दीड फटका, मिळून अडीच. न भरता चार. येथे ड्रॉप घ्यावाच. पण चेंडू नुसता वाळूत थोडा रुतला आहे आणि निम्म्या वेळा सुटतो, तर खेळून दोन आणि दंड भरून अडीच. येथे ड्रॉप घेणे म्हणजे घाबरून पैसे देणे होय. शिवाय वाळू मऊ असेल तर गुडघ्यावरून सोडलेला चेंडूही पुन्हा रुतून बसतो, हे विसरू नये.

चौथ्या दाराची किंमत दोन दंड आणि बाहेरून ग्रीनवर येण्याचा एक, अशी तीन आहे. म्हणून तीनात एकदाही ज्याला वाळूतून सुटता येत नाही, त्यानेच त्याकडे वळावे. आणि वळण्यापूर्वी मागे वळून पाहावे. त्या रेषेवर झाड आहे का, खडक आहे का? मुख्य म्हणजे, मागे गेल्यावर फटका बहुधा त्याच बंकरवरून मारायचा असतो. दोन फटके देऊन बाहेर पडायचे आणि तिसऱ्याने पुन्हा त्याच खड्ड्यात उडी घ्यायची, अशी कसरत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

या सर्वांआधी विचारात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. तिला दंड पडत नाही म्हणूनच कदाचित ती कोणाला सुचत नाही. चेंडू होलच्याच दिशेने मारला पाहिजे असा नियम कुठेही नाही. बाजूची कड बुटकी असेल, मागची बाजू उघडी असेल, तर आडवा किंवा उलटा फटका मारून बाहेर यावे. एक फटका खर्च होतो, पण आपण हिरवळीवर असतो. आतल्या आत ड्रॉप घेण्याचाही खर्च एकच, पण आपण वाळूतच. मग जेथे आडवी वाट मोकळी आहे तेथे आतला ड्रॉप कशासाठी? २००३ च्या ओपनमध्ये रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर थॉमस ब्यॉर्न आघाडीवर होता. सोळाव्या होलवर त्याने बंकरमधून मारलेला चेंडू ग्रीनच्या उतारावरून घरंगळत परत पायाशी आला. दुसराही तसाच आला. तिसरा बाहेर राहिला. ब्यॉर्न ती स्पर्धा एका फटक्याने हरला. तेथे दंड भरून परत टी-वर जाण्यात काही अर्थ नव्हता हे खरे. पण पहिला परत आल्यावर झेंडा सोडून ग्रीनच्या दुसऱ्या भागाकडे मारणे शक्य होते, असे माझे मत आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, चेंडू जसा पडला तसा खेळावा हे गोल्फचे ब्रीद आहे. दंड भरून पळ काढणे हा भित्रेपणा होय. हा आक्षेप घेणाऱ्यांनी खेळाचे मूळ नियम पाहावेत. एडिंबरोजवळच्या लीथ येथे १७४४ साली गोल्फचे पहिले तेरा लेखी नियम झाले. त्यांतला एक नियम असा आहे की, चेंडू पाण्यात किंवा चिखलपाण्यात गेला तर तो उचलून मागे आणावा आणि त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा. म्हणजे दंड भरून सुटका करून घेण्याची रीत ही कोणा आळशाने मागाहून घुसडलेली सवलत नव्हे. तिचा लेखी पुरावा खेळाच्या पहिल्या नियमांइतकाच जुना आहे. जो नियम उघडपणे किंमत सांगतो आणि ती उघडपणे घेतो, त्याचा उपयोग करण्यात लाज कसली?

खरा भित्रेपणा निराळा असतो. १९२१ साली बॉबी जोन्स हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन तरुण सेंट अँड्र्यूजला ओपन खेळत होता. अकराव्या होलवर त्याचा चेंडू हिल बंकरमध्ये गेला. तेथून तो लवकर निघेना. जोन्सने चेंडू उचलला आणि स्पर्धाच सोडली. हेकटपणा आणि वैताग ही एकाच झाडाची दोन फळे आहेत. एक माणूस चार-पाच फटके मारत राहतो, दुसरा चेंडू उचलून घरी जातो. दोघांनाही ‘माझे एवढे नुकसान झाले’ हे कबूल करून पुढे खेळायचे नसते. जोन्स पुढे त्याच मैदानावर १९२७ ची ओपन जिंकला, आणि १९५८ साली त्या गावाने त्याला आपले सन्माननीय नागरिकत्व दिले, ही गोष्ट वेगळी. पण त्यासाठी त्याला आधी आपला राग जिंकावा लागला. दंड भरणारा खेळाडू या दोहोंच्या मधला मार्ग धरतो. तो नुकसान आकड्यात लिहितो आणि खेळत राहतो.

दुसरा आक्षेप असा की, दोन फटक्यांच्या चौथ्या दारामुळे कोणी वाळूतला फटका शिकणारच नाही. मला हे पटत नाही. दोन फटके ही काही फुकटची खैरात नव्हे. वाळूतला फटका शिकलाच पाहिजे. चेंडूला न मारता त्याच्या मागच्या वाळूला मारायचे, हे तंत्र एकदा अंगी आले की निम्मी भीती जाते. जीन सॅराझेनने १९३० च्या सुमारास जाड तळाची वाळूची काठी प्रचारात आणल्यापासून तर ते पुष्कळच सोपे झाले. पण सत्तरीतले आजोबा आणि पहिल्याच महिन्यातली मुलगी हीही मैदानावर येतात. त्यांनी एका खड्ड्यात दहा फटके मारत मागच्या सर्वांना ताटकळत ठेवावे, यात खेळाचा कोणता गौरव आहे?

मात्र एक भेद सांगितला पाहिजे. दोघांच्या समोरासमोरच्या सामन्यात एका होलवर जास्तीत जास्त तो एक होलच जातो. प्रतिस्पर्धी झेंड्याशेजारी बसला असेल, तर दंड भरून होल हरण्यापेक्षा अशक्य वाटणारा फटका मारून पाहिलेला बरा. फटक्यांच्या बेरजेच्या स्पर्धेत तसे नाही. तेथे खड्ड्यात सांडलेला प्रत्येक फटका शेवटपर्यंत वहीत राहतो.

आता मामांच्या अनुभवाकडे येतो. मामा म्हणत, ‘साहेबाने काठी मागितली की मला कळायचे, हे तीन फटक्यांचे काम आहे.’ नियमाने कॅडीला सल्ला देण्याची पूर्ण मोकळीक आहे. पण ‘साहेब, ड्रॉप घ्या’ हे तीन शब्द मामांच्या ओठांवर येऊन परत जात. एकदा ते बोलले, तेव्हा त्या गृहस्थांनी ‘पिशवी धर’ एवढेच उत्तर दिले. पुढे काय झाले ते सांगायला नको. रोज दहा जणांचे बंकर पाहणाऱ्या माणसाला त्या वाळूची जेवढी माहिती असते, तेवढी महिन्यातून चारदा येणाऱ्याला असणे शक्य नाही. निर्णय खेळाडूचाच, परंतु निर्णयापूर्वी शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याला विचारण्यात कमीपणा मानणे, हा मला वाळूहूनही मोठा खड्डा वाटतो. दंड एका फटक्याचा असतो; न विचारण्याचा दंड कुठल्याच नियमात लिहिलेला नाही, पण तो भरावा लागतोच.

आपल्या कॉलेजात ‘ड्रॉप घेतला’ हे शब्द खालच्या आवाजात बोलले जातात. परीक्षेची तयारी नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याने एक संधी सोडून पुढच्या वेळी नीट बसावे, की लोक काय म्हणतील म्हणून जाऊन बसावे, हा ज्याचा त्याचा हिशोब आहे. प्रत्येकाला मी एकच उत्तर देणार नाही. गोल्फमध्येही ते तसे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, तो हिशोब हॉल-तिकीट घेऊन वर्गात शिरण्यापूर्वी व्हावा, आणि त्यात ‘लोक काय म्हणतील’ या रकान्यात शून्य लिहावे.

आपल्या अंकाच्या पलीकडच्या विभागातील मित्र एक म्हण वापरतात : ‘केट्ट मेले बुद्धी बंतु, अट्ट मेले ओले उरियितु.’ सारे बिघडल्यावर बुद्धी आली, स्वयंपाक झाल्यावर चूल पेटली. आपण मराठीत म्हणतो, बैल गेला आणि झोपा केला. दोन्ही भाषांनी सांगितलेले हे शहाणपण बंकरच्या कडेवर उभे असताना आठवावे. खाली उतरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : मागची जागा जवळ आणि चांगली आहे का? आडवी वाट मोकळी आहे का? आणि या बैठकीतून दहा वेळांपैकी मी खरोखर किती वेळा बाहेर येतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कालच्या उत्तम फटक्यावरून देऊ नये. नेहमीच्या फटक्यावरून द्यावे. मग खेळायचे ठरले तर निःशंक मनाने खेळावे, आणि दंड भरायचा ठरला तर ताठ मानेने भरावा.